छातीचं ऑपरेशन आणि सुपातला तंबाखू

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात चुका असणार. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही आणि अक्षर तर कोंबडीच्या पायासारखं आहे. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं या हातांनी पानं कापली आणि विड्या वळल्या. पेन धरलं ते फक्त सही करायला. त्यामुळे ओळ सरळ जात नाही, खाली खाली उतरते. कुणी वाचलंच तर रागवू नये. पण कुणी वाचावं म्हणून मी हे लिहीत नाही.

आमच्या गल्लीत एक नवी सून आली आहे. परवा नळावर माझ्याशेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काकी, तुमचं ते ऑपरेशन कसं असतंय हो? लई दुखतंय काय?" तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता आणि खांदे पुढं पाडले होते. मी पण वीस वर्षं तशीच उभी राहत होते. मला तिला सगळं सांगायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "दुखतंय थोडं." आणि मी भरायच्या आतच घागर उचलून घरी आले. मला स्वतःची फार चीड आली. तोंडाने जमत नाही तर लिहून तरी बघावं म्हणून बसले आहे.

माझी छाती पहिल्यापासून फार जड. लग्न होऊन निपाणीला आले तेव्हापासून सासूबरोबर घरातच विड्या वळते. ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांना सांगते. मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप घ्यायचं. सुपात तंबाखू आणि टेंभुर्णीची कापलेली पानं. पानात तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, विडीचं तोंड मोडायचं, की पुढची. दिवसभर मान सुपात. दुसऱ्या बायकांचं सूप पोटाला लागून बसतं आणि त्यांची कोपरं अंगाजवळ राहतात. माझ्या छातीमुळे सूप गुडघ्यापर्यंत पुढं जायचं आणि मला दोन्ही हात लांब करून वाकावं लागायचं. दुपारपर्यंत मानेतून निघालेली कळ बोटांपर्यंत यायची. बोटं बधिर झाली की दोरा सुटायचा. वळलेल्यातल्या कितीतरी विड्या माल घेणारा मुकादम छाटात, म्हणजे खराब म्हणून, काढून टाकायचा.

खांद्यांवर पट्ट्यांचे चर पडले होते, बोट बसेल एवढे. उन्हाळ्यात छातीखालची कातडी ओली राहून सोलून निघायची. तिथं मी जुन्या धोतराच्या घड्या ठेवायची. तंबाखूची पूड उडून त्या ओल्या कातडीवर बसली की अशी आग व्हायची की उठून न्हाणीत जाऊन पाणी मारावं लागायचं. सासू म्हणायची, "कितीदा उठतीस गं? तुझ्या बुडाला काय काटं टोचत्यात?"

गल्लीतल्या बायका कट्ट्यावर एकत्र बसून वळायच्या तेव्हा एक जण नेहमी म्हणायची, "हिला मांडी कशाला लागती? सूप वर ठेवलं तरी ऱ्हातंय की." सगळ्या हसायच्या. मी पण हसायची. न हसून सांगायचं कुणाला?

डॉक्टर पुष्कळ झाले. गावातले म्हणाले, वजन कमी करा. मी उपास केले. गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली, छाती होती तेवढीच राहिली. कोल्हापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. छातीखालच्या सोलटलेल्या जागेला कितीतरी मलमं झाली. एकानेही असं म्हटलं नाही की बाई, दुखणं जिथून येतंय तिथंच इलाज आहे. मीही कधी दाखवून सांगितलं नाही म्हणा. मान दुखते म्हणायची आणि गप्प बसायची.

शेवटी माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, मला बेळगावात एका बाई डॉक्टरांकडे नेलं. आक्का तिथंच, खासबागेत, दिली आहे. त्या डॉक्टरबाईंनी कातडी बघितली, खांद्यांवरचे चर बघितले आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं हे का सोसलंत? छाती कमी करायचं ऑपरेशन असतं." त्यांनी प्लॅस्टिक सर्जनचं नाव दिलं. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "प्लॅस्टिक घालत्यात काय गं आत?" पुढच्या खेपेला तिने सर्जननाच तसं विचारलं. ते हसले. "घालत काही नाही, आक्का. काढतो."

आमच्याकडे दवाखान्याचं सरकारी कार्ड आहे. मला वाटलं, चला, कार्डावर होईल. बेळगावच्या दवाखान्यात खिडकीतल्या कानडी माणसाने कागद बघितला आणि मागं सरकवला. "हे सौंदर्याचं ऑपरेशन आहे री. कार्डात बसत नाही." माझ्यामागं रांग होती. मी कागद पदराखाली घेतला आणि बाजूला झाले. अंगावर सोललेली कातडी घेऊन मी तिथं सौंदर्य मागायला गेले होते. आमचे हे, म्हणजे माझे मालक, म्हणाले, कोल्हापूरला विचारू, ते आपल्याला जवळ पडतं. तिथं सांगितलं की कार्ड कर्नाटकाचं आहे, इथं चालत नाही. निपाणीहून कोल्हापूरची बस लवकर पोचते, पण कार्ड बेळगावकडे तोंड करून बसलेलं, आणि बेळगावात गेलं की ते पाठ फिरवतं. हद्दीवर राहणाऱ्यांना हे नवं नाही. तरी प्रत्येक वेळी नव्याने राग येतो.

पैसे आक्काने दिले. तिच्या घरात दोन माग आहेत. दाजी आणि ती मिळून साड्या विणतात. त्यातल्या एका मागाची मोटर जुनी झाली होती, तापली की बंद पडायची. नव्या मोटरीसाठी आक्का भिशीत पैसे घालत होती आणि त्या वर्षी भिशी तिला लागली होती. ते सगळे तिने माझ्या हातात ठेवले. मी म्हटलं, "आक्का, मोटर?"

"मोटर काय, थांबत थांबत चालती. तुझी मान थांबली तर कुठल्या दुकानात मिळणार हाय?"

"मी कधी फेडू पण?"

"बरी होऊन सुपावर बसलीस की दे. मी काय पळून चालले न्हाय."

दाजी काही बोलले नाहीत. मागाशी जाऊन दोरे जोडत बसले. ते दोन शब्द रागाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. लवकर बरं व्हायचं, सुपावर बसायचं, आणि आक्काचे पैसे परत करायचे.

ऑपरेशनच्या आधी सर्जनकडे दोनदा जावं लागलं. रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली, छातीची सोनोग्राफी केली. सर्जन तरुण होते, माझ्या धाकट्या दिरापेक्षा लहान. त्यांच्यासमोर उघडं उभं राहायचं. नर्स शेजारी होती, तरी माझे कान तापले. त्यांनी टेपने मापं घेतली, तोंड येणार नाही असे फोटो काढले. मग समजावून सांगितलं. व्रण कायमचे राहतील, काळ्याभोवती, म्हणजे बोंडाच्या काळ्या भागाभोवती, एक गोल, तिथून खाली एक उभा, आणि छातीच्या खालच्या घडीत एक आडवा. काळ्याची जाणीव जाऊ शकते. पुढं बाळाला पाजता येईलच असं नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या कुणाच्याच होत नाहीत. आमची मुलं मोठी झालेली, त्यामुळे पाजायचा प्रश्न नव्हता. नळावरच्या त्या सुनेने मात्र हे आधी नीट विचारून घ्यायला पाहिजे.

त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारले. उत्तरं हेच देत होते. मी खाली फरशीकडे बघत होते.

"साखर? बीपी? आधी काही ऑपरेशन?"

"काय न्हाय."

"काम काय करतात?"

"घरीच असती," हे म्हणाले.

"तंबाखू, मिश्री, सिगारेट? ऑपरेशनच्या आधी महिनाभर आणि नंतरही सगळं बंद लागतं, म्हणून विचारतो."

"छे हो. आईला मिश्रीची सवय हाय. हिला सुपारीचं सुद्धा व्यसन न्हाय बघा."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आमच्याकडे मिश्री न लावणारी बाई म्हणजे चांगल्या वळणाची. आणि विड्या वळणारी बाई घरीच असते, हेही आमच्याकडे सगळे म्हणतात. अंगणात बसून दिवस मोडला तरी ती घरीच. त्या खोलीत आम्ही दोघं खोटं बोललो नाही. आम्हाला ते सुचलंच नाही. तंबाखू म्हणजे तोंडात जातो तो. सुपात असतो तो माल.

आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी वळत होते. पानं भिजवून ठेवलेली होती. भिजवलेली पानं तशीच टाकून गेलं तर वाया जातात. सासू म्हणाली, "ऊठ की आता, उद्या डॉक्टरला काय हे काळं हात दाखवणार?" मी लिंबू आणि राखेने हात घासले. तो रंग जात नाही.

सकाळी ऑपरेशनच्या आधी सर्जननी मला उभं करून छातीवर जांभळ्या पेनाने रेघा आखल्या. शिवणाऱ्या बाईने कापडावर खडूने आखावं तशा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग आत नेलं, हातात सुई टोचली, कुणीतरी म्हणालं दहापासून उलटं मोजा. मी नऊपर्यंत गेले असेन.

जाग आली तेव्हा घसा कोरडा, अंग थंडीने कापत होतं. नर्स वाकून कानडीत विचारत होती, "नोव ऐतेन री?" दुखतंय का, म्हणून. मी मान हलवली, तिने सलाइनमध्ये औषध सोडलं. छाती घट्ट आवळून बांधलेली होती. दोन्ही बाजूंनी एकेक नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला रक्त साचायची डबी. दुखणं बाळंतपणासारखं नव्हतं. आग होत होती आणि कातडी ओढल्यासारखी वाटत होती. उठताना हातावर जोर द्यायचा नाही. खोकला आला तर उशी छातीला धरायची. कुशीवर झोपायचं नाही, पाठीला उशा लावून अर्धं बसून झोपायचं. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. पाण्याने भरलेल्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही. आवळून बसणारी एक काचोळी रात्रंदिवस घालायची. वेणी आक्का घालायची. काढलेला भाग तपासायला पाठवतात, त्याचा कागद चांगला आला.

आणि एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी मला धरून बसवलं तर माझी मान हलकी होती. छाती दुखत होती, नळ्या होत्या, सगळं होतं, पण मानेत काहीच नव्हतं. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आक्का म्हणाली, "काय हुडकायलीस?" मी म्हटलं, "काय न्हाय." मग तिला सर्जननी काढलेल्याचं वजन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं घेऊन फिरत होतीस, आन् आम्ही म्हणायचो हिला वाकून चालायची खोड हाय."

पट्ट्या पहिल्यांदा सोडल्या तेव्हा मात्र मी रडले. निळं-काळं, सुजलेलं, टाक्यांनी भरलेलं, एक बाजू वर आणि एक खाली. असं काही तरी करून घेतलं आणि तेही बहिणीच्या मोटरीच्या पैशाने. सर्जन म्हणाले, "ही अजून झालेली छाती नाही. सूज उतरून आकार बसायला महिने लागतात. आत्ता आरशात बघू नका." मधूनच करंट बसल्यासारखी चमक यायची. ते म्हणाले, नसा जाग्या होतायत.

दवाखान्यातून मी खासबागेत आक्काकडे गेले. निपाणीच्या घरात वर-खाली करायचं, पाणी भरायचं, ते जमणार नव्हतं. काही दिवसांनी सासू मला बघायला आली. पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू, आणि डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात सूप, पानं आणि तंबाखू.

आक्का म्हणाली, "मावशी, हितं कशाला आणलासा हे?"

"मग आठवड्याचा माल कोण देणार? मुकादम काय माझा जावई हाय?"

"ऱ्हायलं असतं एक आठवडा."

"ऱ्हायलं की विडीचं कार्ड बंद पडतंय. हिचं बी मीच चालवायलीय." मी आजारी आहे हे मुकादमाला कळलं तर माझं नाव कमी होईल म्हणून ती स्वतःच्या बरोबरीने माझ्या नावाच्या विड्याही वळत होती. ती जास्त गोड बोलत नाही, पण तिने माझ्यासाठी एवढं केलं, हे मी इथं मुद्दाम लिहिते.

ती तिथंच राहिली आणि माझ्या पायाशी बसून वळायची. रात्री दिव्याखाली पण वळायची. तिची साठी उलटलेली. तिच्या बोटांकडे बघून मला राहवेना. मी म्हटलं, "आत्ती, द्या इकडं थोडं. तोंडं मोडते मी."

"डॉक्टर काय म्हणलाय?"

"हात वर न्यायचं न्हाईत. जड उचलायचं न्हाय."

"मग हे कुठं वर, आन् विडी कुठं जड?"

खरंच होतं. उशांना टेकून, ताटात विड्या घेऊन मी तोंडं मोडायला लागले. मग दोरे बांधायला. मग म्हटलं, थोड्या वळते पण. सांगितलेला एकही नियम मी मोडला नव्हता. उलट मला वाटलं, पैसे फेडायला लवकरच सुरुवात झाली.

मग एका सकाळी काचोळी ओली लागली. डाव्या बाजूला, उभा व्रण खालच्या आडव्या व्रणाला मिळतो त्या टोकाला, टाके उसवले होते. दोन दिवसांत तिथं रुपयाएवढी जागा उघडी पडली. वास यायला लागला. आक्का मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली.

सर्जननी जखम धुतली. साखर परत तपासली, बरोबर होती. ताप नव्हता. उजवी बाजू पण कडेला काळपट झाली होती. मग त्यांनी माझे हात हातात घेतले आणि उलटेसुलटे केले.

"घरी दिवसभर काय करता?"

हे माझ्याबरोबर आले नव्हते. मलाच बोलावं लागलं. "विड्या वळते."

"कधीपासून?"

"लगीन झाल्यापासून."

"आत्ता, ऑपरेशननंतर?"

मी हात मागं घेतले. आक्का म्हणाली, "बसून थोड्या वळत होती. हात वर न्हाय नेले तिनं."

त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. "मी तंबाखूचं विचारलं होतं. बंद ठेवायचा म्हणालो होतो."

"तुम्ही खाती काय ते विचारलासा," आक्का म्हणाली. "ती खात न्हाय."

ते खुर्चीवर बसले. मग सांगायला लागले की तंबाखू हाताच्या कातडीतूनही रक्तात जातो आणि त्याची पूड श्वासातून जाते. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये कातडी कापून परत जोडलेली असते, तिला रक्त आधीच कमी मिळतं. ते मिळालं नाही की जखम उघडते. मी विचारलं, म्हणजे त्यानेच झालं काय. ते म्हणाले, "तसं छातीठोक सांगता येणार नाही. या टोकाची जखम तंबाखू न घेणाऱ्या बायकांचीही कधी कधी उसवते. पण मदत तर नक्कीच झाली नाही. निपाणीचा पत्ता बघून मी विचारायला पाहिजे होतं."

ते असं म्हणाले तेव्हा मला त्यांच्यावर रागावता पण येईना. मग रागवायचं कुणावर? संध्याकाळी आक्काने यांना फोन लावला. हे म्हणाले, "मला काय म्हाईत? समद्या निपाणीच्या बायका वळत्यात. कुणाच्या जखमा उघड्या पडत्यात?" सासू कोपऱ्यात सूप गुंडाळत होती. म्हणाली, "म्हंजे मीच केलं म्हणा की." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात भांडण. ती दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन निपाणीला गेली. मी तिला थांबा म्हणू शकले नाही, जा पण म्हणाले नाही.

जखम आतून भरत येईपर्यंत मला खासबागेतच राहावं लागलं, कारण निपाणीच्या घरात तंबाखू कुठं नाही? भिंतीला आहे, गादीला आहे. आक्का रोज सकाळी हात धुऊन, जखम साफ करून, औषधाची पट्टी आत भरून वर कापूस बांधायची. नर्सने एकदा दाखवलं आणि तिने शिकून घेतलं. परत टाके घालत नाहीत, ते तसंच भरू देतात. भरायला लागलं की खाज येते. खाजवायचं नाही. मी पडून राहायची आणि माग ऐकायची. खटखट चालू असायची. मग एक माग थांबायचा. दाजी उठायचे, मोटरीवर ओलं फडकं टाकायचे, वाट बघायचे. परत चालू. परत बंद. प्रत्येक वेळी माग थांबला की मी मनात आक्काचे पैसे मोजायची. मी पडून होते, पट्ट्यांचा खर्च वाढत होता, आणि तो पण आक्काच करत होती.

दाजींना लग्नसराईच्या साड्यांची मोठी ऑर्डर आली. तो माग सारखा थांबून चालणार नव्हतं. त्यांनी सोसायटीकडून कर्ज काढून मोटर आणली. म्हणजे आता माझ्यामुळे त्यांच्या डोक्यावर व्याज पण आलं. दाजींनी नवी मोटर बसवली त्या दिवशी आक्काने आनंदाने शिरा केला. मला तो गिळेना. आक्का म्हणाली, "तोंड कशाला पाडतीस? माग चालला की."

मी म्हटलं, "माझ्या पैशानं चालायचा होता."

"तुझ्या न्हाय, माझ्या," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी शिरा वाढला.

जखम भरली. व्रण तिथं रुंद राहिला आहे, बोटाएवढा, चकचकीत. त्या काळ्याला जाणीव नाही. दुसऱ्याला आहे. सर्जन शेवटच्या खेपेला म्हणाले, जमलं तर विड्यांचं काम सोडा. मी म्हटलं, सोडून काय करू? ते म्हणाले, निदान हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा. हातमोजे घालून विडी वळत नाही. पान सरकतं. फडकं मी बांधते. सुपावरून उठल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुते, ती सवय लागली.

निपाणीला परत आल्यावर गल्लीतल्या बायका बघायला आल्या. बघायला म्हणजे खरोखर बघायला. एक म्हणाली, "अगं, पोरीगत दिसायलीस की." दुसरी म्हणाली, "नवऱ्याला विचारलंस काय आधी?" तिसरी, ती सूप वर ठेवायची गंमत करणारी, म्हणाली, "पैसा असला की लोक काय काय कापून घेत्यात." मला त्या वेळी खूप बोलायचं होतं. सासू पान कापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी जीभ पण कापून घे की मग. आमच्या डॉक्टरचा पत्ता देते." त्या दिवसापासून कुणी काही बोललं नाही. सासूचं आणि माझं तेव्हापासून जरा बरं चाललं आहे, एवढं मी म्हणेन.

आणि पहिल्यांदा मी सूप पोटाला लावून बसले. कोपरं अंगाजवळ राहिली. दुपार झाली, मान दुखली नाही. बोटं बधिर झाली नाहीत. छाटात जाणाऱ्या विड्या कमी झाल्या. संध्याकाळी मी सासूपेक्षा पुढं होते. तिने माझे कट्टे, म्हणजे विड्यांच्या बांधलेल्या जुड्या, बघितले आणि स्वतःच्या कट्ट्यांवर पदर टाकला.

आठवड्याला मजुरी मिळाली की घरखर्चाचं काढून उरलेलं मी पिठाच्या डब्यात ठेवायची. यांनी एकदा दोनदा मागितलं. मी दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हणाले, आणि हे चपला घालून बाहेर गेले. महिन्यातून एकदा बेळगावची बस धरायची, आक्काच्या हातात ठेवायचं, चहा घ्यायचा, परत यायचं. असं दोन वर्षांच्या वर चाललं. मध्ये पानं वेळेवर आली नाहीत, काम बंद होतं, तेव्हा राहिलं. मध्ये मुलाची फी आली, तेव्हा राहिलं. प्रत्येक वेळी न गेलेल्या महिन्यात मला दाजींचं न बोलणं आठवायचं.

शेवटच्या खेपेला मी दिवाळीच्या आधी गेले. दाजी मागावर होते. आक्का सुताच्या कांड्या भरत होती. मी पैसे तिच्या मांडीवर ठेवले. पट्ट्यांचे, औषधांचे, रिक्षाचे सगळे त्यात होते, आणि मोटरीच्या कर्जाचं व्याजही.

आक्का म्हणाली, "हे कशाचं जास्तीचं?"

"सोसायटीचं व्याज."

"खुळी काय तू? भणीकडनं व्याज घेत्यात काय?"

"तू घेत न्हाईस. सोसायटीनं घेतलं की."

ती पैसे परत माझ्या पिशवीत कोंबायला लागली. मी तिचा हात धरला. तेवढ्यात दाजींनी मागाचं बटण बंद केलं. घर एकदम शांत झालं. ते उठून आले, आक्काच्या हातातले पैसे घेतले, एकदा मोजले आणि खिशात घातले. म्हणाले, "मोजून घेतलेलं बरं. बरोबर हायत." मग मला म्हणाले, "फिटलं गं सगळं. जेवून जा."

मी जेवले. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. कुणाचं काही देणं राहिलं नव्हतं.